वेलांटीच्या जागी काना

प्रश्न : 1971च्या बांगलादेश युद्धात पाकिस्तानी सैन्याचे आणि त्यांच्या स्थानिक हस्तकांचे अत्याचार सोसलेल्या स्त्रियांविषयीचा बंगाली मजकूर मराठीत आणते आहे. मूळ शब्द ‘बीरांगना’. मराठीत ‘विरांगना’ लिहू, ‘पीडिता’ की ‘बळी’?

उत्तर : आधी ती वेलांटी दुरुस्त करा. ‘वीर’ तत्सम आहे, ‘वी’ दीर्घच. बातम्यांच्या पट्ट्यांवर रोज धावणारी ऱ्हस्व ‘विरांगना’ कोण, हे देवच जाणे. शूर स्त्री हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. खरी गोम ‘अंगना’त आहे.

अंगणात वावरते ती अंगना, असे व्याख्यानांतून छातीठोक सांगितले जाते. ते साफ चूक. पाणिनीय परंपरेत ‘अङ्गात् कल्याणे’ असा स्पष्ट नियम आहे: ‘अंग’ला ‘न’ लागतो तो अंग सुरेख असल्याच्या अर्थी. म्हणजे अंगना ही सुडौल स्त्री. वीरांगना शब्दातही शौर्य पुढे चालते आणि मागून शरीर येतेच. ज्या स्त्रियांच्या शरीरावरच युद्ध खेळले गेले, त्यांना नेमका हाच शब्द मिळाला.

आता तिची सख्खी शेजारीण पाहा: वारांगना. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘वारस्त्री गणिका वेश्या’ असा क्रम आहे. अनेक कोशकार इथे ‘वार’ म्हणजे समूह घेतात आणि ‘समूहाची स्त्री’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. सोमवार, वारंवार, पंढरीची वारी या सगळ्यांत जिवंत असलेला ‘वार’ म्हणजे पाळी, फेरा. वारांगना म्हणजे पाळीची स्त्री. समूहाचा अर्थ टीकाकारांनी मागाहून चिकटवला असावा. कोशकारांनी तो एकमेकांचा पाहून उतरवला म्हणून तो खरा ठरत नाही.

हे आडवळण नाही. बंगालीत व आणि ब या दोघांना एकच अक्षर. त्यामुळे बीरांगना आणि बारांगना यांत फरक उरतो तो फक्त दीर्घ वेलांटीच्या जागी काना येण्याचा. डिसेंबर 1971 मध्ये, युद्ध संपल्यावर काही दिवसांतच, बांगलादेश सरकारने या स्त्रियांना ‘बीरांगना’ ही पदवी दिली. सरकारी आकडा 2 लाख; त्यांत बहुसंख्य मुस्लिम, पण हिंदू आणि आदिवासीही. लोकांनी काना लावून तिचे ‘बारांगना’ करायला वेळ घेतला नाही. हा अशिक्षितांचा उच्चारदोष होता, असे म्हणणाऱ्यांनी बंगाली कानाला कमी लेखू नये. दोन्ही शब्द ठाऊक असल्याशिवाय हा टोमणा मारताच येत नाही.

पदवी फसली त्याचे कारण मात्र नुसता ध्वनी नव्हे. 1972 मध्ये पुनर्वसन मंडळ आले. उपचार झाले, एरवी बेकायदा असलेल्या गर्भपाताला तात्पुरती सूट मिळाली, शिवणकाम आणि टंकलेखन शिकवले गेले, लग्ने लावून देण्याची मोहीम निघाली. या अत्याचारांतून जन्मलेली बरीच मुले त्याच वर्षीच्या विशेष आदेशाखाली परदेशी दत्तक गेली. पण ‘मुक्तियोद्धा’, म्हणजे 1971च्या मुक्तिसंग्रामात लढलेला, म्हटले की यादी, प्रमाणपत्र, भत्ता; ‘बीरांगना’ म्हटले की यातले काहीच नाही. वर हा शब्द उच्चारताच बाईवर काय गुजरले ते गावाला कळणार. मग सन्मान घ्यायला पुढे कोण येईल? शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी 1999 मध्ये उघडपणे बोलल्या. राजपत्रात बीरांगनांची नावे मुक्तियोद्धा म्हणून छापली जाऊ लागली ती 2015 पासून.

‘बळी’विषयी. बळी जाणे म्हणजे मराठीत जीव जाणे. जिवंत बाईला तो शब्द लावू नका. तरी बोस्नियात उलटे घडले. तिथल्या ‘झर्त्वा’ शब्दात आहुती आणि अत्याचारग्रस्त हे दोन्ही अर्थ आहेत. 1992–95च्या युद्धातून तगलेल्या बाकिरा हासेचिच यांनी 2003 मध्ये साराजेव्होत संघटना काढली, तिचे नावच ‘स्त्री – युद्धाची झर्त्वा’. शब्द मवाळ करून घेण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण कायद्याची भाषाच ‘युद्धाची नागरी झर्त्वा’ अशी होती. 2006च्या दुरुस्तीने बोस्नियाच्या दोन घटकांपैकी फेडरेशन या भागात लैंगिक हिंसा सोसलेल्यांचा त्यात स्वतंत्र वर्ग झाला आणि मासिक भत्त्यासाठी 60 टक्के अपंगत्व सिद्ध करण्याची अट त्यांच्यापुरती गेली. माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या द हेगच्या न्यायालयात तर तिसराच शब्द चालला: साक्षीदार. बोस्नियातल्या फोचा गावातल्या अत्याचारांच्या खटल्यात नावांऐवजी क्रमांक घेऊन स्त्रिया बोलल्या आणि 22 फेब्रुवारी 2001 रोजी तिघांना 28, 20 आणि 12 वर्षांची शिक्षा झाली.

तुमचा प्रश्न राहिलाच. पदवी म्हणून ‘बीरांगना’ तसेच ठेवा, ‘बी’ दीर्घ, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करा. ‘वीरांगना’ केलेत तर मराठी वाचकाला घोडा आणि तलवार दिसेल. ओघात ‘अत्याचार सोसलेल्या’ किंवा ‘अत्याचारातून तगलेल्या स्त्रिया’. ‘पीडिता’ फक्त न्यायालयाच्या कागदाचा अनुवाद असेल तिथे. 2015 नंतरच्या सरकारी उल्लेखात ‘मुक्तियोद्धा’. आणि मूळ मजकुरात कुणी टोमणा म्हणून ‘बारांगना’ म्हटले असेल, तर तिथे ‘वारांगना’च लिहा. तिथला काना चुकूनही दुरुस्त करू नका.