कुठल्या सेकंदाला, ते सांग

अरे, मेसेज वाचला तुझा. मित्राने मारिओ गेमच्या ट्यूनचा रीमिक्स पाठवला, तू "ठीक आहे, पण मजा नाही आली" असं लिहिलंस, तेव्हापासून तो गप्प, आणि आता तू विचारतोयस की दादा, यापुढे सगळ्यांना "एक नंबर भावा" म्हणून मोकळं व्हायचं का. अजिबात नाही. पण तू लिहिलंस तेही चालणार नाही. मजा कुठल्या सेकंदाला गेली ते सांग ना!

काल रात्री मी हेडफोन लावून आधी ओरिजिनल ऐकलं, मग त्याचं. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समधली पाण्यातल्या लेव्हलची ट्यून, संगीतकार कोजी कोंडोची, तीनच्या ठेक्यातली. तुझ्या मित्राने 1:12 ला नाशिक ढोल आणलाय आणि तो वाजतोय चारात. म्हणजे दोघांची सम, ठेक्याची पहिली मात्रा, 12 मात्रांनी एकदा जुळते, मधे सगळं हिंदकळतं. हे त्याने मुद्दाम केलंय की तयार लूप उचलून टाकलाय, विचार त्याला. मुद्दाम असेल तर पोरगं हुशार आहे, फक्त त्या समेवर ताशाचा एक कडक ठोका दे म्हणावं, म्हणजे ऐकणाऱ्यालाही ती सापडेल.

दुसरं, 1:40. तो गेम चालायचा त्या जुन्या मशीनच्या साउंड चिपमध्ये चॅनलच 5, म्हणजे एका वेळी पाचच आवाज, आणि बेस वाजायचा ट्रँगल चॅनलवर, ज्याचा आवाज कमीजास्त करायची सोय नव्हती. याने तो बेस तसाच ठेवला आणि ढोलाची थाप बरोबर त्याच्यावर आणून आदळली, झाला चिखल. मोबाइलच्या स्पीकरवर कळायचं नाही. थापेचा खालचा, जाड आवाजाचा भाग ईक्यूने (इक्वलायझरने) थोडा काप, असं सांगितलंस तर तो आज रात्री बसून करेल. "मजा नाही आली" याचं त्याने काय करायचं, सांग बरं?

लोक मला खडूस म्हणतात, म्हणू देत. कॉलेजात असताना एका जाणत्या माणसाला माझा ट्रॅक ऐकवला, तो म्हणाला "प्रोफेशनल वाटत नाही", बस, एवढंच. मग मी तीच फाइल उघडून बसायचो, कुठे वाटत नाही? इंट्रोत? ड्रम्सला? शेवटी नाद सोडला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्याने एक सेकंद, फक्त एक सेकंद सांगितला असता तर मी तेवढं घासून काढलं असतं. म्हणून मी सेकंद सांगतो, समोरच्याला राग आला तरी सांगतो, आणि आवडलेल्या जागेचाही सांगतो. त्याच्या 0:34 ला बासरीवर मींड आहे ना, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी, तिथे काटा आला माझ्या अंगावर, हे त्याला माझ्या नावाने कळव.

संध्याकाळी गंगापूर रोडला भेटाल तेव्हा चहावर तोंडी उरकू नकोस, लिहून दे. आणि 2:05 नंतर ट्यून मधेच तुटल्यासारखी वाटली मला, तू परत ऐक आणि तिथेच तुटते की आधी, ते मला आजच पाठव.