किड्याला नाक नाही, मग वायूने तो मरतो कसा?

प्रश्न (देपालपूर, जि. इंदूर): कोठीतल्या गव्हाला सोंडे लागलेत. सल्फासच्या गोळ्या ठेवाव्या म्हणतो. कोठी झोपायच्या खोलीला लागूनच आहे. किड्याला नाक नसतं, मग वायू आत शिरतो कुठून? आणि आम्हाला त्रास होईल का?

उत्तर: दादा, शेवटचं आधी सांगतो. नुसता त्रास नाही, जीव जाऊ शकतो. राहत्या घरात ती गोळी उघडूच नका.

किडा कुशीतून श्वास घेतो. हरभऱ्यावरची घाटेअळी भिंगाखाली धरून बघा. दोन्ही अंगांना बारीक ठिपक्यांची रांग दिसेल. एका बाजूला नऊ ठिपके, पहिला डोक्यामागे छातीवर आणि उरलेले आठ पोटावर. हीच तिची श्वसनरंध्रे. प्रत्येकातून आत नळी जाते आणि फाटे फुटत फुटत, केसाहूनही बारीक होऊन थेट स्नायूंना भिडते. किड्याचं रक्त प्राणवायू वाहून नेत नाही, ते काम या नळ्याच करतात. म्हणून अळीचं नुसतं डोकं पाण्यात बुडवलं तरी ती गुदमरत नाही.

आपली श्वासनळी एकच, 10 ते 12 सेंटीमीटर लांब. गळ्यावर बोट फिरवलं तर तिची कडी हाताला लागतात. ती हवा फुप्फुसात नेते, आणि पुढे प्राणवायू सगळीकडे पोचवतं ते रक्त.

गोळीत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. सोंड्यात तो रंध्रांतून शिरतो, आपल्यात श्वासनळीतून. पेशीत पोचला की प्राणवायू वापरण्याची क्रियाच बंद पाडतो, किड्याची तशीच माणसाची. याला उतारा नाही. वासावरही विसंबू नका. तो लसणासारखा येतो, आणि माळव्यात घरोघरी लसूण भरलेला असतो. चुकून वायू अंगात गेलाच, तर माणसाला मोकळ्या हवेत आणून लगेच रुग्णालयात न्या.

आता गव्हाचं. सोंड्याची अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे नुसतं चाळून भागत नाही. गहू कडक उन्हात पातळ पसरा, दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवा. थंड झाल्यावर चाळून हवाबंद पिशवीत काठोकाठ भरा, हवा दाबून काढा, तोंड पिळून घट्ट बांधा. आतले किडेच तिथला प्राणवायू संपवतात. कार्बन डायऑक्साइड वाढला की त्यांची रंध्रे उघडीच राहतात, अंगातलं पाणी उडतं आणि ते सुकून मरतात. काही आठवडे पिशवी उघडून बघू नका, नवी हवा गेली की किड्यांचं फावतं.

माल जास्त असेल तर धुरी घरापासून दूर, गोदामात द्यावी, तीही प्रशिक्षित, मान्यताप्राप्त कीडनियंत्रकाकडूनच. या गोळ्या सर्रास वापरायला सरकारची परवानगी नाही.