तळघरातल्या उघड्या वाफेच्या पाइपावर खोली गरम होईल का?

न्यू जर्सीत जुनं घर घेतलंत, तळघरात बसायची खोली करायचीये आणि छताखालून घर गरम करणाऱ्या बॉयलरचा वाफेचा पाइप जातोच आहे. मग ऊब फुकटात, असं वाटणं साहजिक आहे. थोडी मिळतेही. दोन इंची उघड्या लोखंडी पाइपात वाफ असताना दर फुटाला तासाला साधारण 220 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता बाहेर पडते. दहा फुटांचे झाले 2200, म्हणजे जेमतेम 650 वॉटचा हीटर. तोही वरच्या मजल्यावरचा थर्मोस्टॅट (तापमान पाहून बॉयलर चालू-बंद करणारं यंत्र) म्हणेल तेव्हाच चालू. शिवाय गरम हवा छतालाच चिकटते. डोकं तापतं, पाय गारठतात.

आणि फुकट कसलं? तळघरातच वाफेचं पाणी झालं की वरच्या खोल्यांतले रेडिएटर (वाफेने तापून खोली गरम करणारे लोखंडी संच) उशिरा तापतात, पाइपात ठोकल्यासारखे आवाज येतात. म्हणून बाकीचा पाइप एक इंच जाडीच्या फायबरग्लासच्या (काचतंतूंच्या) आवरणाने झाका. हवं तर खोलीतला तुकडा उघडा ठेवा, पण मुलांचा हात पोचत असेल तर तोही नको, चांगलंच भाजतं.

पाइपावर जुनं पांढरं, पुठ्ठ्यासारखं आवरण असेल तर मात्र ते खरवडू नका, झाडूही नका. अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसांना घातक. आधी तपासून घ्या.

खोलीत खरंच रोज बसणार असाल तर वाफेचं काम जाणणारा प्लंबर गाठा. बॉयलरच्याच पाण्यावर पंप लावून गरम पाण्याचा वेगळा फाटा काढता येतो. नव्या भिंतीमुळे बॉयलरला जळण्यासाठी लागणारी हवा अडणार नाही ना, हेही त्यालाच विचारा.