१:७२ प्रमाणातील ‘चीता’ हेलिकॉप्टरची जाळीदार शेपटी आणि रोटर घरी कसे घडवावेत?

आपला प्रश्न असा आहे की, लामा, म्हणजे आपल्याकडचे चीता, या हेलिकॉप्टरच्या १:७२ प्रमाणातील किटमध्ये शेपटीची जाळी आणि मुख्य रोटरचा, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांच्या चक्राचा, मधला भाग फार जाड व ढोबळ आला आहे. थ्री-डी प्रिंटर हाताशी नसताना हे भाग घरच्या साधनांनी नव्याने करता येतील का, आणि करायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी. हे भाग निश्चित करता येतात, आणि शेपटीच्या जाळीपुरते बोलायचे तर प्रिंटर असता तरी मी आपल्याला धातूची तारच सुचवली असती, कारण रेझिनमध्ये छापलेली इतकी बारीक काडी ठिसूळ असते आणि काही महिन्यांत वाकू लागते.

हात घालण्यापूर्वी एक हिशेब मनात पक्का करावा. या प्रमाणात मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या यंत्रावरचे ७२ मिमी. किटमधली जाळीची काडी १ मिमी जाड असेल, तर आपण खऱ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला सात सेंटिमीटरहून जाड खांब लावल्यासारखे होते. आणि केबिनची काच १ मिमी जाड असेल, तर वैमानिक जवळजवळ तीन इंच जाडीच्या काचेमागे बसलेला असतो. डोळ्याला खटकते ते हेच. भागांची संख्या कमी असली तर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण जाडी चुकली की लगेच येते. म्हणून माझा नियम असा आहे की, जो भाग योग्य जाडीत करता येईल तोच करावा, आणि जो येणार नाही तो सरळ सोडून द्यावा. अंगावरचे रिव्हेट, दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, उपकरणांच्या तबकड्यांवरचे आकडे यांच्यामागे या आकारात लागू नये.

हे हेलिकॉप्टर निवडलेत याचा मला आनंद वाटतो. भारताला हिमालयातील उंचीवर काम करणारे हलके हेलिकॉप्टर हवे होते. त्या गरजेतून फ्रान्समध्ये अलुएट-२ या आधीच्या हेलिकॉप्टरचा सांगाडा मजबूत करून त्यावर अलुएट-३ चे इंजिन आणि रोटर बसवण्यात आले, आणि १७ मार्च १९६९ रोजी लामाने पहिले उड्डाण केले. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच चाचणी वैमानिक झां बुले यांनी याच प्रकारच्या हेलिकॉप्टरमधून १२,४४२ मीटरची उंची गाठली. तिथे इंजिन बंद पडले आणि ते केवळ फिरत्या पात्यांच्या आधाराने, इंजिनाशिवाय, खाली उतरले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळूरला परवान्याखाली बांधलेले लामा म्हणजे चीता, आणि सियाचीनवरच्या चौक्यांना रसद पोहोचवण्याचे व जखमींना खाली आणण्याचे काम त्याने दशकानुदशके केले आहे.

या जन्मकथेचा आपल्याला प्रत्यक्ष उपयोग आहे. रोटर आणि इंजिन अलुएट-३ चे, आणि आपल्याकडचे चेतक म्हणजे अलुएट-३. त्यामुळे चीताचे जवळून काढलेले फोटो कमी पडले, तर रोटरच्या मध्यभागासाठी चेतकचे फोटो नि:शंक वापरता येतात. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, तिथे चेतक उभे आहे आणि त्याच्याभोवती फिरून निवांत पाहता येते. नाशिकला लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेची, म्हणजे आर्मी एव्हिएशनची, प्रशिक्षण शाळा असल्याने तिकडच्या मंडळींना चीता आकाशात दिसते, परंतु लष्करी हद्दीच्या आसपास कॅमेरा काढू नये. फोटो निवडताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘चीतल’ नावाने ओळखले जाणारे सुधारित हेलिकॉप्टर दिसायला चीतासारखेच असले, तरी त्याचे इंजिन वेगळे आहे, आणि या यंत्राचे इंजिन पाठीवर उघडेच असल्यामुळे तो फरक लपत नाही.

आता रेखाचित्राकडे वळतो. बरोबर बाजूने आणि लांबून, मोठ्या लेन्सने काढलेला एक फोटो मिळवावा. जवळून काढलेल्या फोटोत शेपटीचे टोक आखूड दिसते. मापाला दोन आकडे पुरतात: मुख्य रोटरचा व्यास ११.०२ मीटर आणि शेपटीच्या रोटरचा १.९१ मीटर. १:७२ मध्ये ते अनुक्रमे १५३ मिमी आणि २६.५ मिमी होतात. शेपटीचा रोटर जाळीच्याच पातळीत असल्याने मी त्याचाच आधार घेतो: त्याच्या केंद्रापासून पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर कागदावर १३.३ मिमी भरेल इतका फोटो लहान-मोठा करून छापावा. त्या छपाईवरून जाळीतल्या प्रत्येक नळीची लांबी, कोन आणि जाडी थेट मोजता येते. याखेरीज मागून काढलेला एक फोटो हवाच, कारण जाळीचा आडवा छेद बाजूच्या चित्रात कळत नाही.

जाळीसाठी मला आवडणारे साहित्य म्हणजे लांब नळ्यांसाठी ०.४ मिमीची पितळी काडी आणि तिरक्या आधारांसाठी ०.३ मिमीच्या आसपासची कल्हई केलेली तांब्याची तार. अशी तार विजेच्या सामानाच्या दुकानात फ्यूज वायर म्हणून मिळते, आणि तिच्यावर आधीच कल्हई असल्याने ती डाख, म्हणजे सोल्डर, चटकन धरते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली तारही चालते. तिथे ३० नंबर मागितल्यास साधारण ०.३१ मिमी आणि ३६ नंबर मागितल्यास ०.१९ मिमीची मिळते, मात्र तिच्यावरचे वार्निश सांध्याच्या जागी खरवडून काढावे लागते. तार रिळावरून आलेली असल्याने तिला बाक असतो. तिचे एक टोक व्हाइसमध्ये धरावे, दुसरे पकडीत घ्यावे आणि सावकाश ओढावे. एका क्षणी तार हातात किंचित सैल सुटल्याची जाणीव होते, तिथेच थांबावे. एवढ्या ताणाने ती सरळ होते आणि पूर्वीपेक्षा कडकही होते. ही सरळ केलेली तार पुन्हा गुंडाळून ठेवू नये, तुकडे करूनच ठेवावेत.

छापलेले रेखाचित्र एमडीएफच्या तुकड्यावर चिकटवून लांब नळ्या त्यावर पेपर टेपने पक्क्या कराव्यात आणि दोन्ही बाजूंना बारीक टाचण्या ठोकाव्यात, म्हणजे त्या हलणार नाहीत. मग तिरका आधार चित्रावर ठेवून मापाने कापावा आणि त्याची दोन्ही टोके बारीक कानशीने त्या कोनात घासावीत, इतकी की तो दोन नळ्यांमध्ये स्वतःहून अडकून राहील. या घासण्यात वेळ जातो आणि तो द्यावा, कारण फट राहिलेल्या सांध्यात डाख भरून काढला की तिथे गाठ दिसते आणि बारीक तारेचा सारा उपयोग वाया जातो. सांध्यावर फ्लक्सचा, म्हणजे डाख नीट पसरवणाऱ्या द्रवाचा, थेंब ठेवून त्यावर डाखाचा खसखशीएवढा तुकडा दातकोरणीने ठेवावा आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे स्वच्छ टोक सेकंदभर लांब नळीला लावावे. तारेला उष्णता मिळाली की डाख आपोआप सांध्यात ओढला जातो. शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवावा. जाळीची प्रत्येक बाजू अशी सपाट, चित्रावरच पूर्ण करावी आणि नंतर बाजू एकमेकींना जोडाव्यात. शेवटचे आडवे आधार मात्र डाखाऐवजी फेव्हिक्विकने लावलेले बरे, कारण या टप्प्यावर उष्णता दिली तर आधीचे काम विस्कटण्याचा धोका असतो.

प्लॅस्टिकवरच काम करायचे असेल, तर किटच्या भागांभोवतीची चौकट, म्हणजे स्प्रू, मेणबत्तीवर मऊ करून ओढलेली काडी हा जुना मार्ग आहे. ती हवी तेवढी बारीक निघते, परंतु शेपटीच्या टोकाला रोटर बसवला की अशी जाळी हळूहळू झुकते. त्यामुळे तिचा उपयोग मी केबिनमधल्या दांड्यांपुरता आणि इंजिनावरच्या नळ्यांपुरता ठेवतो.

शेपटीच्या वरच्या अंगाने रोटरकडे जाणारा फिरता दांडा या यंत्रात उघडा दिसतो आणि तो रेषेसारखा सरळ असावा लागतो. त्यासाठी गिटारची वेढे नसलेली पोलादी तार उत्तम. तिला बाक येत नाही. दांड्याला आधार देणाऱ्या कड्या इंजेक्शनच्या सुईतून कापता येतात. २३ गेजच्या सुईची बाहेरची जाडी ०.६४ मिमी आणि आतली पोकळी सुमारे ०.३४ मिमी असते, म्हणजे ०.२५ मिमीची तार तिच्यातून सहज जाते. कापण्याआधी आत तार घालून ठेवली की पोकळी चेपत नाही. सुया नव्या, बंद पाकिटातल्याच घ्याव्यात, आणि कापताना चष्मा लावावा, कारण तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.

मुख्य रोटरचा मध्य हा या मॉडेलचा सर्वांत सुंदर भाग आहे आणि त्याला मी सर्वाधिक वेळ देतो. तीन पाती बिजागऱ्यांवर वरखाली आणि मागेपुढे हलू शकतात, त्यांच्या मागेपुढे हलण्याला आवर घालणारे हायड्रॉलिक डॅम्पर असतात, आणि पात्यांमधले अंतर सारखे राहावे म्हणून एका पात्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बारीक केबल असतात. किटमध्ये यांतले बहुतेक सारे एका गोळ्यात ओतलेले असते. मधली चकती ०.५ मिमी प्लॅस्टिक शीटमधून पंचाने काढावी. त्याआधी शीटवर कंपासने वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा कराव्यात आणि एक सोडून एक खूण धरावी. १२० अंशांचे तीन कोन कोनमापकापेक्षा अशा रीतीने अधिक अचूक मिळतात. चकतीच्या कडेत ०.३५ मिमीच्या ड्रिल बिटने तीन भोके पाडून ०.३ मिमीची पितळी काडी आत बसवावी आणि तिच्यावर सुईचे तुकडे, प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या ओवत पात्याचा दांडा उभा करावा. यामुळे पात्याचा भार धातूवर येतो आणि प्लॅस्टिकला केवळ आकार देण्याचे काम उरते. नटांच्या टोप्यांसाठी १८ गेजच्या सुईचे टोक सपाट घासून तिचाच पंच करावा; ०.२५ मिमीच्या शीटमधून तो सुमारे ०.८ मिमीच्या चकत्या काढतो.

पाती किटचीच वापरावीत, पण मागची कड पॉलिश पेपरने घासून पातळ करावी आणि मुळाशी असलेला जाड भाग कापून टाकावा. इथे पुष्कळ जणांचे लक्ष नसते ती गोष्ट म्हणजे फिरण्याची दिशा. या फ्रेंच घराण्यातली हेलिकॉप्टरे वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, अमेरिकन बेलच्या उलट. म्हणून नाकाच्या दिशेला असलेल्या पात्याची गोल, पुढची कड वैमानिकाच्या उजव्या हाताला यायला हवी. उभ्या यंत्राची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकलेली असतात. तो बाक तिन्ही पात्यांना सारखा यावा म्हणून पाती कडक गरम पाण्यात धरून एकाच वळणाच्या लाकडी ठोकळ्यावर ती दाबून थंड करावीत.

उघड्या इंजिनाविषयी फार सांगण्यासारखे नाही. हाताच्या ड्रिलमध्ये स्प्रूचा तुकडा धरून कानशीने गोल घडवावा, त्यावर बारीक तारेच्या कड्या आणि नळ्या घालाव्यात, आणि धुराड्याचे तोंड आतून शंकूच्या आकाराच्या बिटने कोरून कड कागदासारखी पातळ करावी. तेवढ्याने इंजिन जिवंत वाटते.

केबिनची काच मात्र बदलावीच. किटच्या काचेच्या आकाराचा, पण नव्या शीटच्या जाडीएवढा लहान असा लाकडी साचा कोरून गुळगुळीत करावा. प्लायवूडमध्ये साच्यापेक्षा किंचित मोठे छिद्र पाडून त्यावर ०.३ मिमीची पारदर्शक पीईटीजी शीट टाचावी, ती उष्णतेने लोंबू लागली की साचा एकाच दमात खाली दाबावा. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक यासाठी मोह पाडते, पण ते जरा जास्त तापले की पांढरे पडते. काच बसवताना फेव्हिक्विक जवळ आणू नये; त्याच्या वाफेने काचेवर धुके चढते आणि ते आतून पुसता येत नाही.

धातूची शेपटी प्लॅस्टिकपेक्षा जड असल्याने मॉडेल मागे कलंडू शकते. केबिन जवळजवळ पूर्ण काचेची असल्यामुळे वजन लपवायला जागा थोडी. मासेमारीचे शिसे हातोडीने चपटे करून केबिनच्या तळाखाली आणि सीटच्या पोकळीत, काच लावण्याआधीच घालावे. शेपटीला रंग एअरब्रशने आणि पातळ द्यावा, आधी धातूवर धरणारा प्रायमर लावून. ब्रशने दिलेला रंग जाळीच्या कोपऱ्यांत साचतो आणि ०.३ मिमीची काडी बघता बघता ०.४ ची होते.

पात्यांमधल्या केबल अगदी शेवटी, सगळे रंगकाम झाल्यावर लावाव्यात. जुन्या इयरफोनच्या वायरीतली तांब्याची एकेक सुटी तार त्यासाठी पुरेशी बारीक असते. ती थोडी जास्त लांब घेऊन एक टोक चिकटवावे, सुकू द्यावे, मग चिमट्याने हलकेच ताणून दुसरे टोक चिकटवावे आणि उरलेली तार नव्या ब्लेडने कापावी. तिन्ही केबलना ताण सारखा द्यावा, नाहीतर पाती एका बाजूला ओढली जातात आणि १२० अंशांचे कोन बिघडतात.