एकच जीन, हाडं पण आणि डोळे पण?

प्रश्न: भाच्याला जन्मापासून दिसत नाही, हाडंही सारखी मोडतात. डॉक्टर म्हणतात दोन्हीला एकच जीन कारण, असं असतं का?

उत्तर: असतं की! एलआरपी५ नावाचा जीन आहे, त्याचं प्रोटीन पेशीच्या आवरणावर बसून डब्ल्यूएनटी नावाचा, पेशींना वाढीचा निरोप देणारा सिग्नल पकडतं, हाडात त्यामुळे नवीन हाड बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि डोळ्यात रेटिनाच्या (मागच्या पडद्याच्या) रक्तवाहिन्या नीट वाढतात. आईवडील दोघांकडून बिघडलेली कॉपी आली की दोन्हीकडे घोळ, हे २००१ मध्ये कळलं. गंमत म्हणजे याच जीनमधल्या काही वेगळ्या बदलांनी हाडं उलट जास्तच दणकट होतात, कारण हाड बनणं रोखणाऱ्या स्क्लेरोस्टिन नावाच्या प्रोटीनचा ब्रेक नीट लागतच नाही. आईवडिलांचीही बोन डेन्सिटी आणि रेटिना तपासून घ्या, एका बिघडलेल्या कॉपीनेही थोडाफार परिणाम दिसू शकतो.