वाचाघात, अफेजिया आणि आपलं 'म्हणणं'

अफेजियाला (स्ट्रोकसारख्या कारणाने मेंदूला इजा होऊन भाषा नीट वापरता न येणं) मराठीत 'वाचा बसणे' चालेल का, आणि मूळ शब्द कुठला, असं विचारलंय. वाचा बसणे नको. वाचा भीतीने बसते आणि दोन मिनिटांनी उठते. रूढ शब्द वाचाघात, पक्षाघाताच्या चालीवर केलेला. पण लोक त्याचा अर्थ मुका नाहीतर बहिरा असा घेतात त्याने डोकं फिरतं. नारायण पेठेत आमच्या ओळखीच्या एका काकांना स्ट्रोकनंतर हे झालं, चहा हवा असला की "छत्री, छत्री द्या" म्हणायचे, आपण चुकतोय हे कळून कपाळाला हात लावायचे, आणि भेटायला येणारे त्यांच्या कानाशी बोंबलायचे. अहो, कान ठणठणीत आहेत त्यांचे!

असो, खरी गंमत मूळ शब्दात. ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये नाव दिलं 'अफेमी', त्याचा पेशंट जवळजवळ फक्त 'तान' एवढंच बोलू शकायचा. 1864 मध्ये ट्रूसो हा दुसरा फ्रेंच डॉक्टर म्हणाला, ग्रीकमध्ये 'अफेमी'चा अर्थ बदनामी, म्हणून अफेजिया म्हणा. ब्रोकाने हुज्जत घातली पण टिकलं ट्रूसोचंच. आता बघा, दोन्ही शब्दांत धातू एकच, बोलणे या अर्थाचा. ग्रीक फ तिथे आपला भ असतो, त्यांचा फ्राटेर तो आपला भ्राता, तसं त्या धातूचं संस्कृत भावंड भण्, त्याचं प्राकृत भणइ, आणि पुढच्या ण मुळे भ नाकात जाऊन मराठी म्हणणे! म्हणजे अफेजिया म्हणजे चक्क 'न-म्हणणं'. इंग्रजी फेमसही त्याच घरातला, आणि आपली 'म्हण' सुद्धा. आमच्या ग्रुपवरचे एक विद्वान 'भण् हा नुसता भणभण आवाजावरून आलाय, ग्रीकचं शेपूट लावू नका' असं ठासून सांगतात. मग त्यांनी प्राकृतातल्या भणइ चा अर्थ 'बोलतो' कसा हे सांगावं, मी तीनदा विचारलं, उत्तर नाही.

माझं विचाराल तर वाचाघात पण अर्धवटच. वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1874 मध्ये वर्णन केलेले पेशंट घडाघडा बोलतात, फक्त त्यातून अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणं उमगत नाही. वाचा तर धावतेय, घात कुठे? लिहिणं-वाचणंही जातं बऱ्याचदा. भाषाघात म्हणा की सरळ!

आणि काकांना चहा हवाय का हे विचारताना ओरडू नका, कप समोर धरा.