आईच्या घरावर काढलेली देणगी

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३९, पत्नी नोकरी करते, मुलगी सहा वर्षांची. आठ वर्षांपासून त्यांचा स्वतःचा डिझाइन स्टुडिओ आहे, हाताखाली चार माणसं. अंगणवाडीचे तक्ते, आशाताईंसाठी फ्लिपचार्ट, दवाखान्यांच्या पाट्या अशी सत्तर टक्के कामं सामाजिक संस्थांची. उरलेली मसाल्याची पाकिटं आणि दुकानांचे लोगो. विचारतात: ‘पीपीएफमधले १३ लाख काढून स्टुडिओची सेक्शन ८ कंपनी करू का? सीएसआरचा पैसा येईल, आणखी दोन माणसं घेता येतील.’ (सेक्शन ८ म्हणजे समाजकामासाठीची, नफा वाटून न घेणारी कंपनी; सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्या समाजकामासाठी देतात तो पैसा.)

या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देतो. करू नका.

पीपीएफ तुम्ही २०१५ मध्ये उघडलंय. ते असं मधेच मोडता येत नाही. गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा परदेशी स्थायिक होणं, एवढ्याच कारणांसाठी मुदतीआधी बंद होतं. एरवी साधारण निम्मी रक्कम निघते, तीही आधीच्या वर्षांच्या शिलकीवर मोजून. शिवाय धंदा प्रोप्रायटरशिपचा, म्हणजे त्याचं कर्ज ते तुमचं कर्ज. उद्या घेणेकरी कोर्टात गेला तरी पीपीएफवर जप्ती आणता येत नाही. तुमच्या घरातला एवढाच पैसा धंद्याच्या पोहोचेबाहेर आहे. त्याला हात लावू नका.

सीएसआरचं म्हणाल, तर तुमच्यासारख्यांनी काढलेल्या नव्या सेक्शन ८ कंपनीला आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी ही नोंदणी लागते, आणि तसल्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ‘पहिल्याच वर्षी वीस-पंचवीस लाख सहज’ असं ज्या सल्लागाराने सांगितलं, त्याची फी कंपनी नोंदवण्याची आहे, निधी मिळवून देण्याची नाही. आणि सेक्शन ८ मधला नफा तुम्हाला लाभांश म्हणून कधीच घेता येणार नाही. हे तत्त्व चांगलंच आहे, पण नफा असेल तर.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय: ‘आईच्या नावावरच्या घरावर ओडी आहे, १५ लाख वापरात, पण व्याज नियमित भरतो.’ ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, इथे घर तारण ठेवून लागेल तसं उचललेलं कर्ज. ही ओळ वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वर्षाचं बिलिंग जीएसटी सोडून ३२ लाख. पगार साडेपंधरा, भाडं तीन, बाहेरचे चित्रकार आणि भाषांतरकार तीन, सॉफ्टवेअर-प्रवास-छपाईचे नमुने साडेचार. झाले २६. ओडीवर ११ टक्क्यांनी १ लाख ६५ हजार. उरले ४ लाख ३५ हजार, त्यातून तुम्ही महिन्याला ३० हजार घेता. हेच काम दुसऱ्याकडे केलंत तर ८० हजार सहज मिळतील, म्हणजे वर्षाला साडेनऊ लाख. तो पगार खर्चात धरा: स्टुडिओ दरवर्षी पाच लाखांच्या तोट्यात आहे. तो तोटा तुमच्या पत्नीचा पगार भरून काढतोय. त्यांना कुणी हा हिशेब दाखवलाय का?

तोटा कुठे होतो तेही तुम्हीच लिहिलंय. नंदुरबारच्या संस्थेसाठी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा फ्लिपचार्ट. कोटेशन १ लाख ८० हजार, चार आठवडे. पहिल्या चाचणीत आशाताईंनी विळ्यासारख्या पेशीचं चित्र पाहून ‘ही चंद्रकोर कशाला?’ असं विचारलं, आणि तुम्ही सगळी पानं नव्याने काढलीत. दोन फेऱ्या, अकरा आठवडे, दोन माणसं. तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर केलंत. चुकीचं चित्र गावात गेलं असतं तर त्या फ्लिपचार्टचा उपयोग शून्य होता. पण तुमच्याकडे एका माणसाचा एक आठवडा १५ हजारांना पडतो (तुमचा पगार धरून). बावीस आठवडे म्हणजे ३ लाख ३० हजार. संस्थेला तुम्ही दीड लाखाची देणगी दिलीत. तिला ते माहीत नाही, तुम्हालाही नव्हतं, आणि पैसे आईच्या घरावरून आले.

वर ११ लाखांची येणी, त्यातले सात लाख सहा महिन्यांहून जुने. बिल फाडलं की जीएसटी भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. म्हणजे न मिळालेल्या पैशांवर पावणेदोन लाखांच्या आसपास कर तुम्ही खिशातून भरून बसलायत.

तुम्ही मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण दिलंय, की डॉ. वेंकटस्वामींनीही घर गहाण ठेवलं होतं. तो माणूस मलाही वंदनीय आहे. पण १९७६ मध्ये निवृत्तीनंतर, वयाच्या ५८ व्या वर्षी, ११ खाटांवर त्यांनी सुरुवात केली, आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या फीवर गरिबांच्या शस्त्रक्रिया चालवल्या. फुकट काय आणि किती, याचा पक्का हिशेब होता. तुमच्याकडे पैसे देणारं काम तीस टक्के आहे आणि त्याला तुम्ही ‘पोटापाण्याचं’ म्हणून मागे ठेवता. मसाल्याच्या पाकिटांसारखं काम तीस टक्क्यांवरून पन्नासवर न्या. अंगणवाडीचे तक्ते तीच पोसतील.

या महिन्यापासून: सगळ्या येण्यांसाठी स्वतः जाऊन बसा, आलेला प्रत्येक रुपया ओडीत. आठ लाख आले तरी ओडी सात लाखांवर येईल. नवं काम ४० टक्के आगाऊ, ३० टक्के रेखाटनं मंजूर झाल्यावर, ३० टक्के अंतिम फाइल देण्याआधी. गावातल्या चाचणीचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे. सवलत द्यायची तर बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत दाखवा, वर्षाला तीन लाखांच्या वर नाही. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आजच करा, फुकट आहे. तिच्यानंतरच्या कामाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट व्याज. आधीच्या कामाला ते संरक्षण मिळेलच असं नाही, म्हणून घाई करा.

आणि पत्रात लिहिलेली ती ‘गॅरंटीड’ विमा पॉलिसी. वर्षाला १ लाख २० हजार हप्ता आणि विमा १४ लाखांचा! तुम्हाला उद्या काही झालं तर त्यात ओडीसुद्धा फिटत नाही, मुलीला काय उरणार? विकणाऱ्याने कर्ज किती आहे हे विचारायला हवं होतं. एक कोटीचा टर्म विमा या वयाला पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळेल. तो विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी आणि मुलीची राहील, घेणेकऱ्यांची नाही. तो हातात आला की जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा, आणि वाचलेला हप्ता ओडीत भरा.

दोन माणसांची भरती तूर्त नाही. आणि आईंशी बोला. त्यांनी सही केली तेव्हा ‘धंद्यासाठी’ एवढंच सांगितलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. घराचे मूळ कागद बँकेतून परत आणलेत की मला पुन्हा लिहा, सेक्शन ८ चं तेव्हा मनापासून बोलू.